डाव्या सीटवरचं वजन

नंदुरबारच्या मार्केट यार्डात नवल मापाडी कोण, असं विचारलं तर कोणीही बोट दाखवील. काटे आता इलेक्ट्रॉनिक झालेत, लाल आकडे लांबून दिसतात, तरी जुने व्यापारी मिरचीचं पोतं काट्यावर चढवण्याआधी एकदा नवलच्या तोंडाकडे बघून घेतात. तो पोत्याचा कान धरून जरासं उचलतो, डोळे बारीक करतो आणि आकडा सांगतो. हे कसं जमतं असं विचारलं, तर हाताला कळतं एवढंच म्हणतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस. लग्न झालेलं नाही, आणि का झालं नाही हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलंय. डब्यात भाकरी-ठेचा घेऊन रनाळ्याहून रोज मोटरसायकलवर येतो. अशा माणसाच्या दारात निळी जपानी स्पोर्ट गाडी उभी असते, म्हणून त्याच्याविषयी बोलायला गावाला विषय कधी कमी पडला नाही.

गाडी सुबारू. आपल्याकडे गाडी म्हणजे बोलेरो, फार तर शेंगा-कापूस वाहायला पिकअप. ही बुटकी, बॉनेटवर नाकपुडीसारखी फट, मागे डिकीवर पंख, आणि सुरू केली की घसा खाकरल्यासारखी भडभड करणारी. रनाळ्यात पहिल्यांदा आली तेव्हा म्हाताऱ्यांनी दोनच प्रश्न केले. किती पोती बसतात आणि किती देते. पहिल्याचं उत्तर एकही नाही असं होतं, आणि दुसऱ्याचं ऐकून माणसं हसत घरी गेली. हिची चारही चाकं ओढतात, चिखलात-पावसात जमीन सोडत नाही, असं कौतुक सांगायला लागल्यावर शेजारच्या धनुबाईनं विचारलं होतं की आमच्या म्हशीचेही चारही पाय चालतात, तिचं कौतुक कोण करणार. धनुबाई म्हणजे नवलची मोठी माय, चुलत्याची बायको. तिच्यापुढे कोणाचंच काही चालत नाही.

गाडी आणली जिभाऊनं. जिभाऊ म्हणजे नवलचा थोरला भाऊ, साखर कारखान्यातला केमिस्ट. तो बरीच वर्षं केनियात होता, आणि येताना माणसं सोनं-नाणं आणतात तशी त्यानं ही गाडी आणली. तिकडे लाल मातीच्या रस्त्यांवर मोटारींच्या मोठ्या शर्यती व्हायच्या. शर्यतीच्या गाडीत दोघं बसतात. एक चालवतो आणि दुसरा शेजारी बसून पुढची वळणं सांगत जातो. जिभाऊला कौतुक होतं ते त्या दुसऱ्याचं. चालवणारा नुसता हात-पाय, डोकं सगळं शेजारच्याचं, असं तो म्हणायचा. मग गावी आल्यावर दर रविवारी दोघे भाऊ प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल ओलांडून तळोद्याला आणि तिथून चांदसैलीच्या घाटानं धडगावला जायला लागले. जिभाऊ चालवायचा आणि नवल डावीकडे बसून वळणं सांगायचा. डावं, हळू. उजवं, मोकळं. घाटातल्या जीपवाल्यांना वाटायचं की दोघांचं काहीतरी बिनसलंय. जिभाऊच्या बायकोनं, दीपमालानं, त्या गाडीत कधी पाय ठेवला नाही. ती गाडीला सवत म्हणायची, आणि ते नुसतं गमतीनं नव्हतं.

मूलबाळ नसलेल्या त्या घरात तिघंच माणसं, आणि तिघांचं बरं चाललं होतं. मग जिभाऊच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नंदुरबारला डायलिसिस, आणि पाणी मोजून. औषधाच्या गोळीबरोबर घोटभर, वर काही नाही. त्याच्यानं गाडी चालवणं होईना, म्हणून भावांनी जागा बदलल्या. आता नवल चालवायचा आणि जिभाऊ डावीकडे बसून, फुटलेल्या ओठांनी, वळणं सांगायचा. शेवटी शेवटी नवल त्याला खाटेवरून उचलून गाडीत ठेवायचा. उचलताना हाताला कळायचं, या आठवड्यात छपन्न, या आठवड्यात पंचावन्न. हातच मापाड्याचे, त्याला इलाज नव्हता.

माघातल्या एका दुपारी वहिनी मळ्यात गेली असताना जिभाऊनं पाणी मागितलं. घोटभर नको म्हणाला.

“नवल, गिल्लास भरीसन दे रे भाऊ.”

“डॉक्टर नही म्हने, जिभाऊ.”

नवलनं ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसले. जिभाऊ भिंतीकडे तोंड करून पडला, आणि दिवस मावळायच्या आत गेला. नवलला कोणी दोष दिला नाही. डॉक्टरही म्हणाले की तुम्ही नियम पाळलात. त्या शब्दांनी त्याला जेवढं लागलं तेवढं कोणाच्या शिव्यांनीही लागलं नसतं.

दिवस-कार्य झाल्यावर रविवारी त्यानं गाडी बाहेर काढली. कारण सांगायला होतं, की बॅटरी उतरेल. रनाळ्याच्या बाहेर पहिल्याच वळणाला त्याच्या कमरेला ते कळलं. गाडी डावीकडे ज्या मापानं दबायला हवी होती, त्याहून जास्त दबली. एकटा माणूस असताना गाडी अशी दबत नाही. त्यानं सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती. पुढच्या वळणाला पुन्हा तेच झालं, आणि प्रकाशाच्या पुलावर सांध्यांवरून चाकं गेली तेव्हा त्यानं मनात आकडा केला. पंचावन्न. घाबरायला हवं होतं, पण तो घाबरला नाही. त्याला रडू आलं, आणि रडता रडता त्याला बरंही वाटलं.

घाटात तर त्यानं ब्रेकला पायच लावला नाही. आवाज कोणाचा नव्हता. पण वळण दिसायच्या आधी ते कसं आहे हे त्याला कळत होतं, आणि चारही चाकं रस्त्याला अशी चिकटून चालली होती, की वर पोचेपर्यंत आपण आलो कसे हे त्यालाच सांगता आलं नसतं. घाटमाथ्यावर डोंगरसिंगची चहाची टपरी आहे. डोंगरसिंग पावरा, बोलायला कमी, या भावांना वर्षानुवर्षं ओळखणारा. जिभाऊ गेल्याचं त्याच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. त्यानं सवयीनं दोन कप भरले, गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, “जिभाऊ नाही उतरत आज, शेट?”

नवलनं आपला कप घेतला. बरं नाही त्याला, असं तो म्हणून गेला. डोंगरसिंग दुसरा कप घेऊन गाडीपाशी गेला, डाव्या खिडकीच्या वर टपावर ठेवून परत आला. निघताना नवलनं पाहिलं तर चहा तसाच होता, वर साय धरली होती. त्यानं तो रस्त्याकडेला ओतला आणि कप परत दिला. पुढच्या रविवारीही डोंगरसिंगनं दोन कप भरले, आणि नवलनं त्याला काही सांगितलं नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, जवळ आली. खानदेशात आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचे झोके, पत्त्यांचे डाव, आणि पितरांची घागर. वर्षाच्या आत जे माणूस गेलं, त्याची पहिली घागर त्या दिवशी भरायची. नव्या मातीच्या घागरीत पाणी, तिच्यावर डेरगं म्हणजे बारकं मडकं, आंबा, सांजोरी. मग चुलीतल्या विस्तवात घास टाकत घरातल्या गेलेल्यांची नावं घ्यायची, आणि एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. हे सगळं होईस्तोवर धनुबाई आंबा तोंडात घालत नाही. घागर घरच्या पुरुषानं भरायची, म्हणजे नवलनं. धनुबाईनं त्याला समोर बसवून सगळं समजावलं, आणि समजावता समजावता म्हणाली, “घागर भराई की तो मोठास्मा जाई बसस. मंग तो आपला नही ऱ्हात, पितर व्हई जास.”

तो थोरांत जाऊन बसतो, हे म्हातारीनं चांगल्या मनानं सांगितलं होतं. नवलच्या कानात मात्र एवढंच राहिलं. घागर भरली की तो जातो. म्हणजे डावी सीट रिकामी होते. आखाजीच्या सकाळी त्यानं वहिनीला सांगितलं, की आपण घागर प्रकाशाला नेऊ, तापीच्या संगमावर भरू, जिभाऊला त्याचं पुण्य जास्त. वहिनीचे डोळे भरून आले. तिनं स्वतः घागरीला हळद-कुंकू लावलं आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवायला दिली. नवल पुलावर थांबला नाही. सरळ घाट चढला, कोरी घागर टपरीमागे एका मोहाच्या झाडाखाली उपडी घातली, आणि भर दुपारी घरी येऊन सांगितलं की भरली, घास आणि पितराचं पानही संगमावरच उरकलं.

त्यानंतर गाडीतलं पाणी कमी व्हायला लागलं.

आधी पंधरवड्याला, मग आठवड्याला, मग दर फेरीला. रेडिएटर काठोकाठ भरावा आणि घाट उतरून यावं तो काटा लालकडे. नंदुरबारचा मिस्त्री भूपेश, जो हिंदी सिनेमातल्या डॉक्टरसारखा गाडीला कान लावून बसतो, त्यानं दाब देऊन पाहिलं, नळ्या पाहिल्या, तेल पाहिलं. इंजिन ठणठणीत आहे, गळती कुठेच नाही, पाणी जातं कुठे ते देवाला माहीत, असं म्हणून त्यानं हात पुसले. नवलला माहीत होतं. तो घाटात जागोजागी थांबायचा, बॉनेट उघडायचा आणि कॅनमधून पाणी ओतत राहायचा. पे, जिभाऊ, आता पाहिजे तेवढं पे, आता कोणी मोजत नाही, असं म्हणायचा. त्या दुपारचं आपण फेडतोय, असं त्याला वाटायचं. एखाद्या माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की तो किती हुशार होतो, त्याला सीमा नाही.

पावसाळा गेला, मिरचीचा हंगाम आला. यार्डाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली. ओली मिरची उन्हात घातली की दिवसागणिक हलकी होत जाते, चार पोत्यांचं एक पोतं होतं, हे नवल लहानपणापासून हातानं शिकलेला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी घाटाच्या पहिल्या वळणाला त्याला जाणवलं की गाडी कमी दबली. त्यानं मुद्दाम तेच वळण परत घेतलं. चाळीस, फार तर एक्केचाळीस. पुढच्या रविवारी त्याहून कमी. तो गाडी कडेला घेऊन बसून राहिला. डाव्या सीटवरचं वजन निघून जात नव्हतं, ते वाळत होतं. इतकं पाणी ओतलं त्यातला एक थेंब त्याला पोचला नव्हता. आपला भाऊ इथे शेजारी बसून तहानेनं वाळतोय आणि तरीही आपल्याला वळणं सांगतोय, हे नवलला कळलं, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याला त्या बंद गाडीत भीती वाटली. भीती जिभाऊची नव्हती, स्वतःची होती. कारण हे कळल्यावरही, घरी पोचायच्या आत त्याच्या मनात आलं होतं ते हेच, की अजून काही रविवार निघतील.

निघालेही असते. पण त्याच आठवड्यात भाकरी वाढता वाढता वहिनी थांबली. ती रात्रीची झोपत नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतंच.

“नवलभाऊ, घागर खरंच भरेल व्हती ना तुम्ही?”

 ती हळू आवाजात सांगत गेली. माठावर ती गिल्लास पालथा ठेवते, सकाळी तो सुलटा असतो. माठ अर्धा झालेला असतो. गिल्लासात बोट घालून पाहिलं तर आतून कोरडा, जसा पाण्याला कधी लागलाच नाही. इतके महिने ती कोणाला बोलली नव्हती, आपल्यालाच वेड लागलं म्हणतील म्हणून.

“नही भरी, वहिनी,” नवल म्हणाला. “भरतू तं तो निंघी जाता.”

तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. ती ओरडेल, निदान रडेल असं त्याला वाटलं. ती दोन्ही करेना.

“तुमले गाडीमा तो पाहिजे, म्हनीसन मन्हा नवरा मरीसनबी पानीबिगर ऱ्हायना, भाऊ.”

 धनुबाईला विचारलं, तर पहिली घागर आखाजीखेरीज भरता येत नाही, असं ती ठामपणे म्हणाली, आणि मग नवलला जे काही ऐकवायचं ते तिनं ऐकवलं. थांबण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. त्या महिन्यांत नवलनं एकही रविवार चुकवला नाही. वर वहिनीशी डोळा न भिडवता आडदिवशीही गाडी काढायचा. हाव होती ती, तिला दुसरं नाव नाही. चैत्रापर्यंत डाव्या सीटवर एका लहान गोणीएवढंही उरलं नाही. वळणं अजून कळायची, पण उशिरा, अगदी तोंडावर आल्यावर, आणि दोनदा तो दरीच्या कठड्याला घासता घासता वाचला.

पितर म्हणून पाटावर कोणाला बसवायचं यावर धनुबाईचा आणि त्याचा वाद झाला. पितर गोतातला बसवायचा, ही रीत. नवल म्हणाला, डोंगरसिंगला बसवू, त्याला गाडीत जिभाऊ दिसला होता. डोंगरातला पावरा आपल्या पितरांच्या पाटावर, हे म्हातारीच्या गळी उतरेना. शेवटी वहिनीनंच तोंड उघडलं आणि सांगितलं, की गोतातल्या कोणाला तो दिसला नाही, याला दिसला, पाटावर हाच बसेल. ते शेवटचं ठरलं.

आखाजीच्या सकाळी नवल घाट चढून डोंगरसिंगला आणायला गेला. जिभाऊ वर्षापूर्वीच गेला, हे त्याला सांगितलं. डोंगरसिंगला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मला वाटलंच होतं, एवढ्या दिवसांत एकदाही चहाला उतरला नाही, एवढंच तो म्हणाला. मग गाडीपाशी आला, डावीकडचं पुढचं दार त्यानं उघडलं नाही, मागचं उघडून मागे बसला. 

घागर नवलनं घरच्या विहिरीवर भरली. डेरगं ठेवलं, आंबा ठेवला. चुलीपुढे बसून विस्तवात घास टाकायला घेतले. आजा, पणजा, बाप, आई, सगळ्यांची नावं झाली. पुढचं नाव त्याच्या तोंडून निघेना. थोरल्या भावाचं नाव त्यानं जन्मात कधी घेतलं नव्हतं, जिभाऊच म्हणत आला होता, आणि इथे नाव घेतल्याशिवाय घास पोचत नाही. वहिनी मागे उभी होती. तिनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ते नवललाच घ्यायचं होतं. नवनीत, तो म्हणाला, आणि घास टाकला. विस्तव नेहमीसारखाच फुरफुरला.

डोंगरसिंग पाटावर बसला. ताटात मांडे, आमरस, सगळं होतं. त्यानं त्यातल्या कशाला हात लावला नाही. आधी पाण्याचा गिल्लास उचलला आणि पिऊन खाली ठेवला. वहिनीनं घागरीतलं पाणी तांब्यात घेऊन गिल्लास भरला. तोही पिऊन झाला. मग आणखी एक, मग आणखी. तो वर बघत नव्हता, घाई करत नव्हता, हात थांबत नव्हता. माणसाच्या पोटात एवढं पाणी मावत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. धनुबाई भिंतीला धरून उभी राहिली आणि देवाचं नाव घ्यायला लागली. वहिनीनं तांब्या नवलपुढे धरला आणि तुम्ही वाढा म्हणाली.

नवल वाढत राहिला. प्रत्येक गिल्लास भरताना त्याला वाटत होतं की आता थांबावं, थोडं पाणी घागरीत मागे ठेवावं, थोडी तहान शिल्लक राहू द्यावी. हे आपल्याला अजूनही वाटतं याची त्याला लाज वाटली, आणि तरी वाटत राहिलंच. त्यानं गिल्लास काठोकाठ भरला. घागरीच्या तळाशी ओंजळभर उरलं होतं तेही तांब्यात घेतलं आणि पुढे वाकला. तेव्हा डोंगरसिंगनं गिल्लासावर हात आडवा धरला.

“बस व्हयनं रे, नवल.”

डोंगरसिंगला अहिराणी येत नाही, आणि नवलला तो नेहमी शेट म्हणत आलाय.  वहिनी मटकन खाली बसली आणि तोंडात पदर घेऊन हुंदके द्यायला लागली. वर्षभराचं होतं ते सगळं. मग डोंगरसिंगनं मान वर केली, सगळ्यांकडे पाहिलं, आपलं काही चुकलं का असं मोडक्या मराठीत विचारलं, आणि जेवायला लागला. चांगला पोटभर जेवला.

दिवस कलायच्या आत नवल त्याला सोडायला निघाला. या वेळी डोंगरसिंग न विचारता पुढचं दार उघडून नवलच्या शेजारी बसला. घाटमाथ्यावर उतरला, एकच कप चहा आणून दिला आणि टपरी आवरायला लागला. नवलनं चहा संपवला आणि गाडी वळवली. काटा जागेवर होता, पाणी तेवढंच्या तेवढं होतं, इंजिन गोड चाललं होतं. पहिलं वळण समोर आलं आणि ते डावीकडे किती जातंय हे त्याला कळलं नाही. त्यानं ब्रेक दाबला, गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, आणि वर्षानुवर्षं ज्या घाटानं तो आला-गेला होता, तो घाट नव्या माणसासारखा, जीव मुठीत धरून, एक एक वळण बघत उतरायला लागला.